वय ५७, विषय तारे!

'रिटायर झाल्यावर निवांत करीन' या यादीत तुम्ही काय काय टाकून ठेवलंय? गिटार, फ्रेंच, हिमालय, आकाश? बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा, पण आकाश तेवढं यादीतून आधी बाहेर काढा. का, ते सांगतेय अकाउंट्समधली एक सीनियर. हिशेबासकट!

प्रत्येक ऑफिसात एक मॅडम असतात. गळ्यात आयकार्ड, टेबलावर छोटासा गणपती, शेजारी व्हाउचर्सचा गठ्ठा. टूरचं बिल घेऊन तुम्ही समोर उभे राहिलात की त्या चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारतात, "ओरिजिनल पावती कुठेय?" हां, तर मी त्या जमातीतली. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. वय वर्षं ५७, शिक्षण बी.कॉम. आणि गेल्या वर्षी मी एका अमेरिकन विद्यापीठाचा अकरा आठवड्यांचा ऑनलाइन ॲस्ट्रॉनॉमी कोर्स पूर्ण केला.

ही बातमी ऑफिसात फुटल्यावर पहिल्याच दिवशी तिघांनी हात पुढे केले. "मॅडम, प्रमोशनचं काय दिसतंय?" त्यांना ॲस्ट्रॉनॉमी आणि ॲस्ट्रॉलॉजी यातला फरक सांगण्यात एक अख्खा टी-ब्रेक गेला. घरी नवरोबांचा प्रश्न वेगळा होता, "आता काय इस्रोत जायचंय का तुला?"

नाही हो. मला फक्त वर काय चाललंय ते समजून घ्यायचं होतं. तसं ते मला १९८६पासून समजून घ्यायचंय. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता. पेपरात रोज नकाशे यायचे, सोसायटीतली मुलं पहाटे टेकडीवर जायची. मी बारावी सायन्सला, परीक्षा तोंडावर. बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी बघ." हा धूमकेतू साधारण ७६ वर्षांनी येतो, हे त्यांना ठाऊक असावं की नाही, कोण जाणे! मग घरच्या परिस्थितीमुळे सायन्स सुटलं, कॉमर्स आलं, नोकरी लागली, संसार झाला. आकाश 'नंतर'च्या खात्यात जमा झालं आणि तिथेच पडून राहिलं.

पॉज बटण झिंदाबाद!

वाढदिवसाला बंगळुरूच्या लेकीनं लिंक पाठवली. "आई, व्हिडिओ फुकट आहेत. सर्टिफिकेट हवं असेल तरच पैसे. बघ तरी." बघितलं. दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ, दर आठवड्याला क्विझ, आणि मध्ये मध्ये छोटे निबंध. ते निबंध तपासणार कोण? तर आपल्यासोबत शिकणारेच कुठले कुठले अनोळखी लोक.

वेळ ठरवली रात्री साडेनऊ ते साडेदहा. जेवणं उरकलेली, ओटा आवरलेला, हॉलमध्ये मॅच चालू. मी आतल्या खोलीत लॅपटॉप आणि जुनं लेजर बुक घेऊन. पहिल्या दोन आठवड्यांत एक गोष्ट कळली. या वयात वर्गात बसून शिकणं मला झेपलं नसतं, कारण सर पुढे गेले की गेले. इथे सरांना थांबवता येतं! लेक व्हिडिओ दीडपट स्पीडनं बघते, मी पाऊणपट स्पीडनं. अमेरिकन उच्चार अडला की सबटायटल्स लावायच्या. कळलं नाही की मागे जायचं. पाच वेळा मागे गेलं तरी कुणी उसासा टाकत नाही.

नावं मात्र लक्षात राहत नाहीत, हे खरंय. सोमवारी वाचलेलं नाव बुधवारी गायब. त्यावर मी एक फंडा काढला. रात्री शिकलेलं सकाळी चहाच्या वेळी नवऱ्याला सांगायचं. त्याला इंटरेस्ट असो वा नसो. जे सांगता आलं नाही ते कळलेलंच नाही, असं समजून संध्याकाळी पुन्हा बघायचं. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच विचारायला लागला, "मग पुढे त्या अँगलचं काय झालं?"

तो अँगल म्हणजे पॅरॅलॅक्स. अंगठा नाकासमोर धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. किती सरकला त्यावरून तो किती लांब आहे ते काढता येतं. ताऱ्यांसाठी दोन डोळे म्हणजे पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं. आज एक फोटो, सहा महिन्यांनी दुसरा. १८३८ साली बेसेल या जर्मन शास्त्रज्ञानं असं एका ताऱ्याचं अंतर काढलं. २०१३ साली सोडलेल्या गाया या युरोपियन यानानं २०२५च्या जानेवारीत थांबेपर्यंत जवळजवळ दोनशे कोटी तारे मोजले. फंडा तोच, अंगठ्याचा!

लॉगनं केलं लॉगआउट

चौथ्या आठवड्यात गाडी अडली. विषय, ताऱ्यांची तेजस्विता, म्हणजे मॅग्निट्यूड. स्क्रीनवर लॉगरिदम आला आणि माझ्या पोटात गोळा. क्विझमध्ये दहापैकी तीन. पुन्हा दिली, चार. त्या रात्री लॅपटॉप बंद करताना मनाशी म्हटलं, बास, एवढंच आपल्या नशिबात. चाळीस वर्षं गणिताला हात लावायचा नाही आणि मग एकदम तारे मोजायचे, असं कुठे असतं का!

आठवडाभर लॅपटॉप उघडला नाही. सकाळच्या चहालाही विषय काढला नाही. वाईट कशाचं वाटत होतं? मार्कांचं नाही. बाबांच्या त्या 'पुढच्या वेळी'ला या वेळी मीच 'राहू दे' म्हणतेय, याचं.

मग शुक्रवारी कॅन्टीनमध्ये आयटीतला एक मुलगा समोर येऊन बसला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. "मॅडम, तारे कुठवर आले?" मी सगळं सांगितलं. तो हसला.

"मॅडम, तुम्ही चक्रवाढ व्याज काढता ना?"

"झोपेत काढते."

"मग लॉग तुम्हाला येतो. फक्त त्याचं नाव माहीत नाही."

टिश्यू पेपरवर त्यानं आकडे मांडले. जुन्या ग्रीकांनी डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचे सहा वर्ग केले होते. सगळ्यात ठळक ते पहिल्या वर्गात, जेमतेम दिसणारे सहाव्यात. १८५६ साली नॉर्मन पॉग्सन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं त्याला नियम दिला. पहिल्या वर्गाचा तारा सहाव्यापेक्षा बरोबर शंभर पट तेजस्वी. मधे पायऱ्या पाच. म्हणजे दर पायरीला किती पट? मी मोबाइलवर आकडेमोड केली. सुमारे २.५१२. अहो, हे तर एफडीचं गणित! पाच वर्षांत एका रुपयाचे शंभर रुपये व्हायला दरसाल १५१ टक्के व्याज. असं व्याज कुठलीच बँक देत नाही, पण आकाश देतं.

सोमवारी क्विझ परत दिली. दहापैकी नऊ.

यातून मला एक कळलं. आपल्याला वाटतं, मोठ्या वयात शिकायचं म्हणजे कोऱ्या पाटीवर लिहायचं. पाटी कोरी नसते, त्यावर तीस-पस्तीस वर्षांचं काहीतरी लिहिलेलं असतंच. नवीन गोष्ट त्याला जोडता आली की ती पक्की बसते. आणि हा मुलगा पुढे आपणहून हबलचा नियम शिकायला माझ्या टेबलाशी येऊ लागला, ही वरची कमाई.

हार्वर्डचं अकाउंट्स डिपार्टमेंट

कोर्समधलं मला सर्वांत भावलेलं माणूस म्हणजे हेन्रिएटा लेविट. आधी वाटलं होतं, शास्त्रज्ञ म्हणजे मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेला कुणीतरी दाढीवाला. लेविटबाई तर चक्क आमच्या लाइनीतल्या! हार्वर्डच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांचा एक गट काम करायचा. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणत. काम काय, तर काचेच्या फोटोप्लेट्सवरच्या ठिपक्यांची मोजदाद आणि वहीत नोंद. लेविटबाईंना तासाला तीस सेंट मिळत. म्हणजे डेटा एंट्रीच की!

या बाईंनी एकाच भागाच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्लेट्स एकमेकींवर ताडून बघितल्या. आम्ही बँक स्टेटमेंट आणि कॅशबुक ताडून बघतो ना, अगदी तसं. मॅगेलनच्या ढगांमध्ये १,७७७ तारे असे सापडले, ज्यांचा उजेड कमी-जास्त होतो. त्यांची यादी त्यांनी १९०८ साली छापली. त्यातल्या सेफिड जातीच्या ताऱ्यांचं एक गुपित त्यांच्या लक्षात आलं. जो तारा जास्त तेजस्वी, त्याचं कमी-जास्त होण्याचं चक्र जास्त दिवसांचं. १९१२ साली २५ ताऱ्यांचे आकडे मांडून त्यांनी ते दाखवलं.

यात एवढं काय? बघा, चक्र किती दिवसांचं आहे ते मोजलं की ताऱ्याची खरी तेजस्विता कळते. आपल्याला तो किती मंद दिसतो ते समोर आहेच. खरी तेजस्विता आणि दिसणारी तेजस्विता यांची तुलना केली की अंतर हातात! १९२३ साली एडविन हबलला देवयानीमध्ये, म्हणजे अँड्रोमेडात, असाच एक सेफिड सापडला. त्यावरून कळलं की ज्याला लोक आपल्याच आकाशगंगेतला ढग समजत होते, ती एक वेगळीच दीर्घिका आहे. आजच्या मोजमापानुसार सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर.

हे बघायला लेविटबाई नव्हत्या. १९२१ साली त्या गेल्या, वयाच्या ५३व्या वर्षी. १९२५ साली एका स्वीडिश गणितज्ञानं त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवायचं म्हणून पत्र लिहिलं, तेव्हा त्याला त्या नाहीत हेही माहीत नव्हतं. मी माझा निबंध त्यांच्यावर लिहिला. तपासणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्यानं पूर्ण मार्क दिले आणि खाली लिहिलं होतं की हिशेबाचं उदाहरण त्याला आवडलं. अप्रेझलमध्येसुद्धा मी एवढी खूश झाले नव्हते.

ओरिजिनल पावती कुठेय?

अकरा आठवड्यांत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. हे शास्त्र म्हणजे दर वाक्याला पावती मागणं. अमुक तारा इतका लांब आहे. कशावरून? सूर्यात हेलियम आहे. कशावरून?

हेलियमचीच गंमत सांगते. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, असं आपल्याकडे अभिमानानं सांगतात. मीही सांगायचे. कोर्स करताना पावत्या काढून बघितल्या. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात पियर जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ सूर्याचा वर्णपट बघत होता आंध्रात, गुंटूरला. त्या ग्रहणात निरीक्षकांना वर्णपटात एक पिवळी रेष दिसली. ती नव्या मूलद्रव्याची आहे, असं ज्यानं मांडलं तो नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गाला तो आला, पण १८९८च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ साली.

अभिमानाला जरा धक्का बसला खरा. पण विजयदुर्गाचा समुद्र तेवढाच सुंदर राहिला, आणि गुंटूरची गोष्ट पदरात पडली ती वेगळीच.

सात मिलिमीटर, पाच मिलिमीटर

कोर्स संपल्यावर नोव्हेंबरातल्या अमावास्येला आकाशदर्शनाच्या एका ग्रुपबरोबर वेल्ह्याकडे गेले. बसमध्ये सगळी तुमच्या वयाची मुलं. मला आपोआपच काकू हे पद मिळालं. रात्री आठच्या सुमाराला डोक्यावर उत्तरेकडे शर्मिष्ठा, तिच्या 'एम'चा खोलगट कोन धरून पुढे सरकलं की देवयानी. शेजारची मुलगी लगेच ओरडली, "दिसली! पुसट ढगासारखी!" तिच्या मागोमाग आणखी दोघं. मला काही दिसेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. २५ लाख प्रकाशवर्षांचा निबंध लिहिलेली मी, आणि समोर नुसता काळोख.

ग्रुपचा व्हॉलंटियर म्हणाला, "काकू, थेट बघू नका. जरा बाजूला बघा, मग ती दिसेल."

त्याचं कारण मला माहीत होतं. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी नसतात, कडेला असतात. नजर थोडी सरकवली. आणि हळूच एक पांढुरका डाग वर आला. कापसाच्या बोळ्याएवढा. त्याच्यातला उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूसच नव्हता. मी काही बोलले नाही. बोलता आलंच नाही.

पण परतीच्या प्रवासात हिशेब मांडल्याशिवाय राहवेना. अंधारात डोळ्यांची बाहुली मोठी होते. विशीत ती साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते. माझ्या वयात साधारण पाचपर्यंत. माणसागणिक थोडा फरक पडतो, पण दिशा तीच. आता उजेड किती आत येणार, हे बाहुलीच्या क्षेत्रफळावर ठरतं. साताचा वर्ग ४९, पाचाचा २५. म्हणजे त्या मुलीच्या डोळ्यांत जेवढा उजेड गेला, त्याच्या निम्मा माझ्या डोळ्यांत. शिवाय अंधाराला सरावायला वयस्क डोळ्यांना वेळही जास्त लागतो. यात कुणाचा दोष नाही. अकाउंट्समध्ये याला आम्ही घसारा म्हणतो. प्रत्येक ॲसेटवर लागतो.

दुसरा घसारा आकाशाचा. २०२३ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला. २०११ ते २०२२ या काळात मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांनी नोंदवलेले तारे मोजून काढलेला निष्कर्ष असा, की रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी साडेनऊ टक्क्यांहून जास्त वेगानं उजळतंय. पुन्हा चक्रवाढ! आठेक वर्षांत दुप्पट. याच वेगानं गेलं, तर जिथे जन्माच्या वेळी २५० तारे दिसतात, तिथे त्या बाळाला अठराव्या वर्षी जेमतेम शंभर दिसतील.

म्हणजे तुम्ही 'नंतर'च्या खात्यात ठेवलेलं आकाश दोन्ही बाजूंनी कमी होतंय. डोळ्यांकडूनही आणि दिव्यांकडूनही. त्यावर व्याज मिळत नाही. शिकणं मात्र माझ्या वयातही जमतं, हे मी पावतीसकट सांगू शकते. समजून घ्यायला ५७ हे वय झकास आहे. बघायला २७ जास्त चांगलं!

चला, खातं उघडा!

कोर्स: गणिताची धास्ती असेल तर येल विद्यापीठातले चार्ल्स बेलिन यांचे २००७ साली रेकॉर्ड केलेले २४ तास बघा. नेटवर खुले आहेत. परग्रह, कृष्णविवरं आणि विश्वाचं प्रसरण, असे तीनच विषय, पण खोलात. ॲरिझोना विद्यापीठाच्या क्रिस इम्पी यांचा कोर्सही सोप्या भाषेतला आहे. गणित आवडत असेल तर आपल्या एनपीटीईएलवर जा.

वेळ: रोज पाऊण तास. सगळं रविवारवर ढकललंत की संपलं. एखाद्या आठवड्यात गाडी अडली तर कोर्स सोडू नका, माणूस शोधा. कॅन्टीनमध्ये सापडतो.

दुर्बीण: टेलिस्कोप घ्यायची घाई नको. आधी बायनॉक्युलर. त्यावरच्या आकड्यांतल्या दुसऱ्याला पहिल्यानं भागा. ७ बाय ५० मधून सुमारे सात मिलिमीटरचा झोत बाहेर येतो, १० बाय ५० मधून पाचचा. आईबाबांसाठी घेणार असाल तर १० बाय ५०. जास्त रुंद झोत त्यांच्या बाहुलीत मावणारच नाही.

सोबत: पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत १९८५पासून खगोल मंडळ. मोबाइलवर स्टेलॅरियम टाका. मात्र बाहेर गेल्यावर स्क्रीन बंद. अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका व्हॉट्सॲप मेसेजनं ती वाया जातात.

लांबची सुट्टी: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघ नाही दिसला तर तारे तरी दिसतील!

आणि हो, हॅलेचा धूमकेतू पुन्हा सूर्याजवळ येतोय जुलै २०६१मध्ये. माझा हिशेब नव्वदीच्या पलीकडे जातो, तेव्हा ते खातं मी तुमच्या नावावर करतेय. तोपर्यंत तुमची बाहुलीही पाच मिलिमीटरवर आलेली असेल. बाजूला नजर टाकून बघायची प्रॅक्टिस आत्तापासून ठेवा.